खिडकीशी घेतलेलं नाव

बायकोची तेरवी झाली त्याच दिवशी मी घरातली मारोतीची तसबीर भिंतीकडं तोंड करून ठेवली. चाळीस वर्षं दर शनिवारी त्याला तेल वाहिलं होतं. त्याला सांगितलं, आता या तोंडातून तुझं नाव निघणार नाही. मी चार बुकं शिकलेला माणूस, जरीपटका वस्तीतल्या लाकडाच्या टालावर चौकीदार. गोड बोलणं मला येत नाही, देवाशीही नाही.

तिचे पाय सुजायचे, चार पावलं चाललं की धाप लागायची. मी तिला सायकल रिक्षातून सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी सोडायचो आणि कामावर जायचो. बायांची लाइन वेगळी, तिथं आपलं काय काम, असं वाटे. दुपारी घरी आल्यावर ती म्हणायची, गर्दी होती, नंबर लागला नाही. तीन खेपा अशा झाल्या, चौथीच्या आधी ती गेली. तेरवीची पंगत उठल्यावर शेजारची गिरजाबाई माझ्याजवळ आली. म्हणाली, "भाऊजी, आता सांगून टाकते. नंबर लागे तिचा. तिथला बाबू नवऱ्याचं नाव विचारे, ते तिनं घेतलं नाही. चिठ्ठीच नाही फाडली तर डॉक्टर कसा पाहील? मले शपथ घातली होती, त्याईले सांगू नको म्हणून."

एवढ्याशा कारणानं माझं माणूस गेलं. तसबिरीला तोंड फिरवायला लावलं ते यासाठी. एक नाव तिच्या तोंडून काढणं त्याला जमलं नाही, मग माझ्या तोंडून त्याचं तरी कशाला निघावं?

पुढच्या आठवड्यात मी काठी घेऊन दवाखान्यात गेलो. त्या बाबूला चार शब्द सुनवायचे, एवढंच डोक्यात होतं. बायांच्या लाइनीत शिरलो तशी एक जण म्हणाली, "ओ बुढेबा, माणसाईची लाइन तिकडं आहे. का तुम्हालेच डिलिव्हरी आहे?" सगळ्या हसल्या. मी तसाच पुढं गेलो. खिडकीशी माझ्या वयाची एक म्हातारी उभी होती. नऊवारी, अनवाणी, पाय सुजून खांबासारखे. ते पाय मी ओळखले. तसले पाय मी वर्षभर चेपले होते. बाबू म्हणाला, "बाई, नवऱ्याचं नाव सांगा. रकाना रिकामा सोडला तर साहेब मला बोलतो. अकरा वाजून राहिले, खिडकी बंद करायची आहे." म्हातारी मागं वळली आणि फाटकाकडं चालू लागली.

दोन पावलांवरच मी तिला आडवा गेलो. "काहून वं माय, परत चालली?"

"त्याईचं नाव पुसते तो. हुडकेश्वरहून आली मी भाऊ, पण जन्मात नाही घेतलं, आता म्हातारपणी घेऊ का?"

"नको घेऊ. मले खूण सांग, मी घेतो."

तिनं आजूबाजूला पाहिलं. बायांसमोर लाजली. मग हळूच म्हणाली, "शेंदूर लावते त्याले."

मला कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. म्हटलं, "आणखी सांग."

"शनिवारी तेल वाहते." एवढं बोलताना तिला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

गावात गणपत आहेत, दौलत आहेत, नेमका हिचाच नवरा हा. मी दात आवळून उभा राहिलो. बाबूनं रजिस्टर मिटलं, खिडकीच्या फळीला हात घातला. मी काठी आत घातली, फळी अडवली. म्हटलं, "मारोती."

"ऐकू नाही आलं बाबा."

"मारोती. लिहा, मारोती."

त्यानं लिहिलं. चिठ्ठी फाटली. म्हातारीला त्याच दिवशी भरती केलं, पायातलं पाणी उतरलं, दोन आठवड्यांनी ती चालत घरी गेली. पुढं कितीतरी हिवाळे ती माझ्याकडं वांगी आणून टाकत राहिली. बाबूशी भांडायचं मात्र राहूनच गेलं.

तेव्हापासून मी सोमवार-गुरुवार तिथं जातो. बाबूनं खिडकीशी एक स्टूल टाकून दिलं आहे. म्हाताऱ्या येतात, कानाशी खूण सांगतात, मी नाव बोलतो. कुणाला डॉक्टरची खोली सापडत नाही, कुणाला चिठ्ठी वाचता येत नाही, तिथंही काठी टेकत जातो. तुमच्या घरी म्हातारी असेल तर तिच्या पदराला नावाचा कागद बांधा, आणि फाटकाशी सोडून कामावर जाऊ नका. मी गेलो होतो. त्याचा दोष देवावर टाकायला मला बरं वाटत होतं.

चमत्कार होता का, मला माहीत नाही. त्यानं माझा हट्ट मोडला, तोही माझ्याच तोंडानं, एवढं खरं. तसबीर मी सरळ केली. शनिवारी तेल वाहतो. त्यानं मला कामाला लावलं याचे उपकार मानतो, सांगेल तिथं जातो. पण माफ केलं असं अजून म्हणत नाही, आणि ते त्यालाही ठाऊक आहे.

तेल वाहून झालं की एकच विचारतो. ती त्या खिडकीशी उभी असताना कुणी तिला खूण विचारली असती, तर तिनं माझी कोणती खूण सांगितली असती? तो सांगत नाही. मी विचारणं सोडत नाही.