प्लेट वाजली होती

घाटे डॉक्टर पोलादी प्लेट तपासायला लागले की जिवंत पेशंटला हेवा वाटावा. डाव्या हाताचा तळवा प्लेटच्या पाठीला लावायचा, खिशातून गुडघ्यावर मारायची ती रबरी हातोडी काढायची आणि प्लेटच्या छातीवर एक हलका टोला द्यायचा. डोळे मिटायचे. तळव्याला काय सांगायचं ते प्लेट सांगायची, आणि डॉक्टर निकाल द्यायचे, "प्रकृती चांगली आहे. टांगा."

आयर्लंडातल्या मलिंगार गावाच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात पोलादी प्लेटा टांगायला सुरुवात केली. मी राहतो डब्लिनच्या एका टोकाला, ओंगारला, नोकरी दुसऱ्या टोकाला, सँट्रीला, आणि रविवारी घरात बायकोच्या पायात येतो. डब्लिनच्या एका गणपतीत डॉक्टरांनी मला प्रसादाच्या रांगेतून बाहेर ओढलं. "काय रे पुणेकर, नेमबाजी करतो का बे?" मी म्हटलं, "डॉक्टर, मला शाळेत कचऱ्याच्या डब्यात कागदाचा बोळाही टाकता यायचा नाही." ते म्हणाले, "मग तर ये. चांगल्या नेमबाजांचे मला फार त्रास आहेत."

क्लब म्हणजे डोनल नावाच्या शेतकऱ्याचं एक पाणथळ कुरण. एका टोकाला मातीचा बांध, तो इतका उंच की आयर्लंडात त्याला डोंगर म्हणून खपवता येईल. बांधासमोर प्लेटा टांगलेल्या, आणि चोहीकडे मेंढ्या, ज्यांना आमच्या नेमाबद्दल कसलीच भीती नव्हती. पॉइंट टू-टूची रायफल, गार्डांचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, परवाना, डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ, सगळं रीतसर. पण पहिले कितीतरी रविवार मी एकही गोळी झाडली नाही. डॉक्टर झाडू देत नव्हते. मी प्लेटा वाहायचो.

"पाहून घे," ते म्हणायचे, "प्लेट सरळ उभी टांगायची नाही. थोडी वाकवायची, सासऱ्यासमोर सून उभी राहते तशी. म्हणजे गोळीचे तुकडे खाली मातीत जातात. ताठ टांगली तर तुझ्या अंगावर परत येतील." खड्डा पडलेली प्लेट ते हाताने चाचपून लगेच बाद करत. साखळीऐवजी जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी वापरत, कारण पट्टीवर प्लेट मोकळी झुलते. आणि प्रत्येक फेरीनंतर, सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या की, पांढऱ्या रंगाचा स्प्रे घेऊन हा माणूस कुरणातून पार तिकडे चालत जायचा आणि प्लेटा पुन्हा पांढऱ्याशुभ्र करायचा. का, तर गोळीचा नवा करडा डाग लांबून दिसला पाहिजे. "डॉक्टर, प्लेट वाजते ना! रंग कशाला?" मी विचारायचो. "वाजण्यावर काय विश्वास ठेवतो बे? पेशंटही फार आवाज करतात."

गुण देण्याचं काम त्यांचंच. गोळीबाराच्या ओळीमागे एक स्टूल, त्यावर डॉक्टर, दुर्बीण डोळ्याला. 'हिट' म्हणाले की हिट, 'मिस' म्हणाले की मिस. त्या स्टुलापुढे अपील नव्हतं. हॉस्पिटलात ज्यांनी त्यांच्या घाटे आडनावाचं वीस वर्षं 'डॉक्टर गेट' केलं, तेच लोक इथे 'युअर मॅन' म्हणायचे. आयर्लंडात 'तो गडी' अशा अर्थाने हे कुणालाही म्हणतात. पण डॉक्टरांच्या बाबतीत म्हणताना आवाज जरा खाली यायचा.

आता मुख्य गोष्ट. मी रंगवून सांगणारा माणूस आहे हे मला मान्य आहे. माझ्या सांगण्यातलं निम्मं वजा करून वाचा, हवं तर पाऊण वजा करा. पण एवढं एक वजा करू नका: प्लेट वाजली होती.

गावाजवळच्या तळ्यापलीकडच्या क्लबाशी आमची दरवर्षी मॅच असे. कप म्हणजे जस्ताचा एक तांब्या, पण त्यासाठी दोन्हीकडची माणसं लग्नाच्या तारखा बदलायची. त्या वर्षी आमचा एक जण आजारी पडला आणि मला उभं केलं. बरोबरी झाली. शेवटची गोळी माझी, सगळ्यात लांबच्या प्लेटवर. ती लांबून चपातीएवढी सोडा, पाणीपुरीच्या पुरीएवढी दिसत होती. मी श्वास धरला, सगळे देव धरले, आणि चाप ओढला.

ठण्ण! कानांवर मफ असून आरपार गेला तो आवाज. मेंढ्यांनी माना वर केल्या. पार पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेला कुणीतरी दार उघडून बघितलं असेल. माझ्या संपूर्ण आयुष्यात मी ज्याचा ज्याचा नेम धरला त्यातलं ते एकमेव लागलं होतं. मी रायफल खाली ठेवून दोन्ही हात वर केले.

"मिस," डॉक्टर म्हणाले.

गोळी प्लेटच्या वरच्या कडेला, पट्टीलगत चाटून गेली होती. त्यामुळे प्लेट वाजली, पण झुलली नाही. आणि समोरच्या पांढऱ्या रंगावर डाग नाही. माझे हात वरच राहिले. तळ्यापलीकडच्यांचा कॅप्टन, ज्याने तो ठण्ण माझ्याइतकाच ऐकला होता, त्याने डॉक्टरांकडे पाहिलं आणि टोपी काढली. आपल्या क्लबाच्या, आपल्या गाववाल्याच्या, कडेला निसटत्या लागलेल्या गोळीला हा माणूस हिट म्हणायला तयार नाही! असा सचोटीचा पंच त्याने बापजन्मात पाहिला नव्हता. मी काही बोलायच्या आत डॉक्टर स्प्रे घेऊन निघाले, आणि कडेवरची माझी उभ्या जन्माची कमाई त्यांनी पांढरी करून टाकली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तो भांडायला. घाटेकाकू आतल्या खोलीत होत्या. डॉक्टर ओट्याला पाठ टेकून मला प्लेटच्या पट्ट्यांविषयी काहीतरी ऐकवत होते, आणि त्यांच्या कानामागे कुकरने शिट्टी दिली. मग दुसरी दिली. मग तिसरी. ओंगारपर्यंत ऐकू जाईल अशी. डॉक्टर पट्ट्यांवरच. काकू आतून ओरडल्या, "अहो, गॅस बंद करा ना!" डॉक्टर पट्ट्यांवरच. शेवटी खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली त्यांनी पाहिली, मग वळले, आणि अगदी सहज, स्वतःच्या मनाने बंद केल्यासारखा गॅस बंद केला.

दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला. डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "कळलं ना तुला? सांगू नको बाप्पा कोणाला. कानाची मशीन घ्या म्हणून किती मागे लागून राहिली मी. म्हणतात, मशीन दिसली की ते मला स्टुलावरून उठवतील. हॉस्पिटल सुटलं, पोरगी सिडनीला. एवढा एक स्टूल आहे. कानावर डबडी घालून सगळेच तिथे बहिरे, त्याच्यात हे खपून जातात."

मग मला सगळं उलगडलं. ती हातोडी आणि तो तळवा. मोकळ्या झुलणाऱ्या पट्ट्या, पांढरा रंग, ती दुर्बीण, आणि समोरचा बोलताना त्याच्या ओठांवर खिळलेली ती नजर. डॉक्टरांचा सगळा काटेकोरपणा म्हणजे न ऐकता ऐकायची सोय होती. आणि माझी हिट परत मिळवायचा एकच मार्ग होता: क्लबात उभं राहून सांगायचं, की तुमच्या पंचाला ऐकू येत नाही.

काकूंनी वरण-भात वाढला. मी जेवलो आणि भांडण गिळलं. दुसरं काय करणार? वरणात तूप फार होतं.

पुढे काय झालं म्हणता? डॉक्टर प्रसिद्ध झाले. आजूबाजूच्या काऊंटीत, म्हणजे जिल्ह्यांत, कुठेही मॅच असली की, "मलिंगारच्या युअर मॅनला बोलवा, सख्ख्या भावालाही मिस देतो." आणि मी झालो तो भाऊ. अतिशयोक्ती हा आमचा घराण्याचा धंदा, पण त्यात मला डोनलने हरवलं. पबमध्ये दर खेपेला माझी गोळी जरा लांबून जायची. पहिल्या वर्षी इंचाने चुकली, पुढच्या वर्षी फुटाने, आणि त्यापुढे तर ती शेजारच्या काऊंटीत एका मेंढीला जांभई देताना घाबरवून गेली. ज्याने स्वतःच्या कानांनी ठण्ण ऐकला होता, तो हे सांगत होता! मी विचारलं, "डोनल, तू ऐकलं नव्हतंस?" तो म्हणाला, "ऐकलं ना. पण युअर मॅन मिस म्हणाला, म्हणजे मिस." आणि माझ्यासमोर अर्धा पाइंट सरकवला. "यू आर ग्रँड, चालतंय रे. दुसऱ्याच्या सचोटीला तुझा उपयोग झाला, हे काय कमी आहे?"

माझी मुलगीसुद्धा, जी मराठी समजते पण उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत देते, शाळेत सांगून आली की माय डॅड इज द मिस फेला.

शेवटी सिडनीची पोर आली आणि बापाला हाताला धरून कानांच्या दुकानात घेऊन गेली. तिच्यापुढे डॉक्टरांचं काही चालत नसे. पुढच्या रविवारी ते रेंजवर आले ते दोन्ही कानांत मशीन घालून, वर मोठे मफ. केस जरा वाढवले होते, म्हणजे कुणाला दिसू नये. डोनलने पहिली गोळी झाडली. ठण्ण. डॉक्टर स्टुलावरून अर्धे उठले.

"हे... असंच वाजते?" त्यांनी मला विचारलं.

"हो, डॉक्टर."

"नेहमी?"

"नेहमी."

संध्याकाळी सगळे चहाला गेले तरी डॉक्टर लांबच्या प्लेटपाशी उभे होते. तळवा आज लावला नव्हता. जमिनीवरचा एक दगड उचलून त्यांनी प्लेटच्या मधोमध मारला, ऐकलं. मग वरच्या कडेला, पट्टीलगत मारला. ठण्ण. प्लेट झुलली नाही. त्यांनी त्या न झुललेल्या प्लेटकडे पाहिलं, मग वळून लांबवर माझ्याकडे. मी लगेच चहात साखर ढवळू लागलो. मी साखर घेत नाही.

यावर आम्ही कधी बोललो नाही. मलाही वाटलं, झालं, विषय पांढरा झाला.

गेल्या वर्षी दोघं कायमचे सिडनीला निघाले. शेवटच्या रविवारी तळ्यापलीकडचेही आले होते, कॅप्टनसकट. केक झाला, भाषण झालं, डोनलच्या डोळ्यांत धूर गेला म्हणून तो थोडा वेळ गोठ्यात जाऊन आला. मग डॉक्टर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पुणेकराला एक गोळी द्या. लांबच्या प्लेटवर."

लोक हसले. मी आडवा झालो. खरं सांगतो, मी मनापासून नेम धरला. त्यांच्यासाठी तरी लागावी असं फार वाटत होतं. चाप ओढला.

काही वाजलं नाही. प्लेटच्या हातभर उजवीकडे बांधावरची माती उडाली, ती शाळकरी पोरालाही दिसली असती. मेंढ्या चघळायच्या थांबल्या.

"हिट," डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. डोनल पुढे आला. "डॉक, आर यू शुअर?"

डॉक्टरांनी दुर्बीण खाली ठेवली. मफ काढले, केस मागे सारले, आणि दोन्ही कानांतली मशीनं सगळ्यांना नीट दिसू दिली. "स्पष्ट ऐकलं मी," ते इंग्रजीत म्हणाले. "मी कधी खोटं बोललो आहे का?"

यावर आमच्या अख्ख्या वेस्टमीथ काऊंटीत कोण काय बोलणार? तळ्यापलीकडच्या कॅप्टनने आधी मातीकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग माझ्याकडे. आणि सावकाश टोपी काढली. डोनल खाकरला. "हिट, सो," तो म्हणाला, आणि फळ्यावर खडूने तसं लिहिलं.

डॉक्टर उठले. रायफली खाली ठेवल्याची खात्री केली, स्प्रे उचलला आणि ओल्या गवतातून पार टोकापर्यंत चालत गेले. त्या लांबच्या प्लेटवर एक ओरखडा नव्हता, सकाळीच रंगवलेली, दुधासारखी पांढरी. डॉक्टरांनी ती डाव्या हाताने धरली, वरची कड अंगठ्याने एकदा पुसली, आणि तिच्यावर अगदी काळजीपूर्वक, काना-कोपरा न सोडता, पांढरा रंग मारला.