ओट्यावरचा कप

अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं, सांभाळून घ्यावं. नाशिकला जाऊन आले, ते लिहून ठेवते.

सकाळी घोटीहून एसटी धरली. पिशवीत दोन किलो नवा तांदूळ, कमरेला चार हजार आठशे रुपये. लेकीच्या ऑपरेशनला आमच्या गावच्या नर्सबाईंनी पाच हजार दिले होते. आता त्यांची बदली नाशिकला झाली आहे. दोनशे कमी होते, तरी निघाले.

सिस्टर बौद्ध, आम्ही मराठा. लेकीला बघायला त्या सहा वर्षं आमच्याकडे यायच्या आणि चहा ओट्यावर (घरापुढच्या चौथऱ्यावर) घ्यायच्या. त्यांचा कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा. चहा झाला की स्वतः विसळून पालथा घालायच्या. रीत सासूबाईंची, पण तो कप तिथे ठेवणारी मीच.

स्टँडवरून भलत्याच रिक्षात बसले, अर्ध्या वाटेतून परत फिरले. कॉलनीत तिसरा मजला सापडला, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी दाराशी चपलांजवळच बसले. सिस्टरनी हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. माझाच तांदूळ शिजवला, वांग्याचं भरीत केलं, शेजारी बसून जेवल्या.

चहा झाल्यावर मी कप घेऊन मोरीकडे निघाले. वाटलं, आज आपली पाळी.

त्यांनी कप काढून घेतला. “राहू द्या, वहिनी. आमच्याकडे पाहुणे कप धूत नाहीत.”

बोलल्या हसून, पण मला मान वर करवेना. आणलेले पैसे मोजून दिले, तर उरलेले दोनशे राहू द्या म्हणाल्या. जिना उतरता उतरता मी कसंबसं म्हटलं, “ते न्यायला तुम्ही या.”

येताना खिडकीतून घरंच दिसत होती. कोण आत बसलंय, कोण ओट्यावर, एवढंच बघत आले.

पंधरवड्याने सिस्टर आल्या आणि जुन्या जागी, ओट्यावरच टेकल्या. मी आत बोलावलं, पण आवाज मलाच ऐकू आला नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या.

“बसू दे की तितंच. वारा लय चांगला हाय.”

“आत्याबाई, त्या आत बसतील.”

सासूबाई दारातून सरकल्या. मी चुलीपाशी पाट मांडला. चहा झाला तशा सिस्टर सवयीने कप घेऊन उठल्या. तो मी त्यांच्या हातातून घेतला, आणि दोनशे रुपये हातावर ठेवले. पाच हजार पुरे फिटले.