सुतकातलं पापलेट

घरोघरी नुकते टीव्ही आले होते, तेव्हाची गोष्ट. डोंबिवलीच्या मासळी बाजारात एक नट मला एकदाच भेटला. मराठी आणि गुजराती नाटकांत कामं करता करता पन्नाशी आली, तेव्हा कुठे त्याला हिंदी मालिकेत मोठी भूमिका मिळालेली. आदल्याच संध्याकाळी त्या मालिकेत तो हार्ट अटॅकने गेला होता. सकाळी माझ्या शेजारी वाकून पापलेटाचे कल्ले उघडून बघत होता.

कोळणीने पाटी मागे ओढली. "सुतकात मासे खातात काय रे दादा?"

"मावशी, मी जिवंत आहे."

"तुझं सोड. तुझी बायको काल किती रडली. तिच्या घरात म्हावरा शिजवशील?"

"ती मालिकेतली बायको. घरची पापलेटाची वाट बघतेय."

"म्हणजे दोन बायका?"

मी मध्ये पडलो. "मावशी, नाटक असतं ते."

"मग मी काल जेवली नाय, ते पण नाटक?"

तो नट सरळ उभा राहिला. हातातलं पापलेट त्याने हलकेच पाटीत ठेवलं.

"रंगमंचावर दोन भाषांत मेलो," तो मला हळूच म्हणाला, "पण जेवण कुणी टाकलं नव्हतं."

मग बक्षीस मिळाल्यासारखा तो दुधी घ्यायला निघून गेला.