सराफांचा नवा गाळा

आमच्या शहरात कॅसिनो येणार की नाही, हे अजून ठरायचंय. तरी आमचे नेहमीचे सराफ नाना यांनी त्या नियोजित जागेसमोर गाळा घेतला. मी पाहायला गेले. आत एकही दागिना नव्हता, नुसता वजनकाटा आणि तिजोरी.

"नाना, इथे विकणार काय?"

"विकायचं नाही, वहिनी. इथे लोक दागिने मोडायला येतील," ते खाली बघत म्हणाले.

शहरात पैसा येईल, असं सगळेच म्हणतात. तो कुणाच्या गळ्यातून, कुणाच्या हातातून निघून येणार, हे मात्र नानांनाच आधी दिसलं होतं.

घरी लेक आतापासूनच कॅसिनोतल्या नोकरीचा अर्ज लिहीत बसली होती.

"आई, येईल ना गं कॅसिनो?"

मला हो म्हणवेना, आणि नाहीही म्हणवेना.