मागचं सीट

बायको वारली त्या वर्षी मी मोटारसायकलचं मागचं सीट काढून टाकलं. बजाजनगरातल्या आमच्या मॉडिफाय केलेल्या गाड्यांच्या ग्रुपला ते लई आवडलं. सिंगल सीट रुबाबदार दिसतं म्हणाले. मी कशाला खुलासा करत बसू?

गेल्या हिवाळ्यात ग्रुपनं करमाडकडच्या एका बालगृहात खेळणी न्यायचं ठरवलं. प्रत्येकानं आपापल्या गाडीवर एकेक खेळणं बांधून न्यायचं. माझ्या वाट्याला माणसाएवढं कापडी अस्वल आलं. त्याला बसायला जागा नव्हती, म्हणून माळ्यावरचं सीट उतरवलं, धूळ पुसली आणि पुन्हा बसवलं.

जालना रोडवर लोक अस्वलाला हात करत होते. पुढं गावाच्या रस्त्याला वळलो तर ब्रेकर आला. गाडी उसळली आणि अस्वल माझ्या पाठीवर आदळलं. तोंडून निघून गेलं, "नीट धरून बस गं."

बालगृहात पोरांनी अस्वल उतरवून घेतलं. फोटो झाले, चहा झाला. बाकीचे हसतखिदळत सुसाट परत निघाले.

मी त्याच ब्रेकरवर गाडी अगदी हळू घेतली. मागचा जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. देऊ दे. हिला दणका सोसत नाय.