अकरा किलोंनी हलकी

अंगावर मूठभर मांस नाही म्हणूनच त्याला सगळे पैलवान म्हणत. वय अडतीस, लग्न नाही, बोटं लांब आणि नखांत कायम काळं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा त्या भागात दुसरा नव्हता. गॅरेज दादाचं, गॅरेजवरचं घर दादाचं आणि जिना चढून गेल्यावर डाव्या हाताची खोली पैलवानाची. निदान बोलताना तरी सगळे तसं म्हणत.

दादाला शर्यतीचा नाद. घाटाच्या रस्त्यावर एकेक गाडी खालून वर सोडायची आणि घड्याळ लावायचं, अशी ती शर्यत. दादा लागोपाठ तीन वर्षं दुसरा आला, आणि तिन्ही वेळा फरक सेकंदाच्या आतला. शेवटून पहिला येणारा घरी जाऊन गाढ झोपतो. पाऊण सेकंदानं दुसरा येणाऱ्याला झोप लागत नाही. दादाला लागेना. इंजिन बदलणं परवडणारं नव्हतं, तेव्हा त्यानं गाडीचं वजन उतरवायला घेतलं.

मागची सीट निघाली. स्टेपनी, हिटर, पायाखालचे गालिचे, दारांची अस्तरं, रेडिओ, सगळं निघालं. मोठ्या वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर आणि लहान वस्तू वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आकडा भिंतीवर खडूनं लिहिला जाई. मग ती वस्तू पैलवानाच्या खोलीत जाई. "टाकायचं कशाला? उद्या लागेल," दादा म्हणे. मागची सीट पैलवानाचा पलंग झाली, स्टेपनीवर पाण्याची बाटली आली. गाडी हलकी होत गेली तशी खोली भरत गेली. शेवटी खिडकीही हिटरमागे गेली तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही सडपातळ आहात ते बरं. दुसऱ्या कुणाला जिन्यातच अंथरूण घालावं लागलं असतं."

तो हसला. दादाविषयी तक्रार करायची तर सुरुवात कुठून करणार? वडील गेले तेव्हा पैलवान अकरा वर्षांचा होता. दादानं त्याला वाढवलं, हातात टेस्टर दिला, कधी आवाज चढवला नाही. ताटातला चांगला घास आधी त्याच्याकडे सरकवला. असल्या माणसाला नाही म्हणायला जीभ वळत नाही, आणि न वळता वळता तिला वळायची सवयच उरत नाही.

मग बॅटरीची पाळी आली. बॉनेटखालची चौदा किलोंची बॅटरी दादाला मागे डिकीत हवी होती. गाडीचं नाक जड, वळणावर बाहेर जायची. नाकातलं वजन शेपटीत गेलं की ती सरळ वळेल. ते खरं होतं. पैलवानानं मागून पुढपर्यंत जाड तांब्याची केबल ओढली, आणि ती अडीच किलो भरली तेव्हा दादाचं तोंड उतरलं.

"म्हणजे वजन वाढलं?"

"दादा, खुर्ची या खोलीतून त्या खोलीत नेली म्हणून घर हलकं होतं का?"

दादा खळखळून हसला आणि दुसऱ्याच दिवशी तीन किलोंची इटुकली बॅटरी घेऊन आला. "हे बघ. अकरा किलो गेले!"

"हा हंडा नाही, पेला आहे. एक दिवा जरी चालू राहिला तरी रिकामा होईल."

"तू आहेस ना लक्ष ठेवायला."

डिकीत बॅटरी आली म्हणून शर्यतीच्या नियमाप्रमाणे डिकी आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये पत्र्याची भिंत उभी राहिली. मेन स्विचही बॅटरीशेजारी, डिकीतच बसला. बाहेर आणायचा तर पुन्हा केबलचं वजन. डिकीचं कुलूप आणि आतली सळई काढली, चारशे वीस ग्रॅम वाचले. आता डिकी रिमोटवर उघडायची, आणि त्या रिमोटचा डबाही डिकीतल्याच बॅटरीवर, मेन स्विच बंद असला तरी थेट चालायचा. पेटीची किल्ली पेटीत ठेवून पेटी लावावी तसा हा कारभार. पैलवानाला ते दिसत होतं. पूर्वी असतं तर तो बोललाही असता. पण त्या आठवड्यात त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

त्यानं कुणाला न सांगता दुसऱ्या गावच्या बस डेपोत इलेक्ट्रिशियनच्या जागेची परीक्षा दिली होती. तीत तो पहिला आला होता. राहायला खोली, स्वतःचं टेबल, दुरुस्तीला सत्तर बस. सोमवारी हजर व्हायचं आणि तत्पूर्वी, शनिवारी पाचच्या आत, फोनवर हो किंवा नाही कळवायचं. पाचनंतर जागा यादीतल्या दुसऱ्याला. दादाला सांगितल्याशिवाय हो म्हणायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आणि दादाला सांगायचं कसं, या विचारात गुरुवारी त्यानं हातदिवा बॅटरीला लावून डिकीत काम केलं, मेन स्विच बंद केला आणि दिवा तसाच आत जळत ठेवून डिकी लावली.

शनिवारी दुपारी चार वाजता दादानं रिमोट दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. रविवारी सकाळी सात वाजता शर्यत होती.

पैलवानाच्या डोळ्यांसमोर दिवा आला. "माझी चूक आहे, दादा. हातदिवा आत राहिला."

"होतं असं कधी कधी," दादा म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

बॉनेटकडून दुसऱ्या बॅटरीचा करंट द्यावा, तर मेन स्विच बंद. डिकी फोडावी, तर उद्या पंच गाडी सोडणार नाहीत. एकच वाट होती. पत्र्याच्या भिंतीचा खालचा कोपरा सहा रिव्हेट काढून आत वाकवायचा आणि त्या भोकातून कुणीतरी आत हात घालायचा. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. पैलवानानं मोबाइल टेबलावर काढून ठेवला, मागची सीट काढलेल्या जागेत पालथा पडला, दातांत टॉर्च धरला आणि दुसऱ्या बॅटरीच्या दोन वायरी मुठीत घेऊन डोकं आणि उजवा हात भोकात घातला. डावा खांदा थोडा अडला. दादानं घोट्यांना धरून मागून रेटलं तसा तोही गेला.

आणि तिथंच राहिला. पत्रा आतल्या बाजूला वाकला होता. मागे सरकलं की त्याची धार खांद्यात घुसे. आता डिकी उघडून पलीकडून कुणी पत्रा दाबून धरला तरच सुटका. डिकी उघडायची तर वायरींच्या टोकांच्या दोन्ही क्लिपा मेलेल्या बॅटरीला लावायच्या. डिकीत रबराचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास कोंडला होता. पहिली क्लिप बसली. दुसरी निसटून बॅटरीमागे पडली.

तेवढ्यात वहिनीच्या चपला वाजल्या.

"अहो, भावजींचा फोन वाजत होता म्हणून उचलला. डेपोतले साहेब आहेत. सोमवारी हजर होणार का, पाचच्या आत सांगा म्हणतात. कसला डेपो हो?"

घोट्यांवरचे हात क्षणभर सैल झाले, मग पुन्हा घट्ट.

"पैलवान?" दादा म्हणाला.

पैलवानाच्या तोंडात टॉर्च होता. टॉर्च सोडला तर क्लिप दिसणार नव्हती. घशातून नुसता "अं" असा आवाज निघाला.

"बघू इकडे." दादानं फोन घेतला. पत्र्यातून शब्द न् शब्द ऐकू येत होता. "नमस्कार साहेब, मी थोरला भाऊ... हो, हो, हुशार आहेच तो... जरा कामात आहे. दोन महिने थांबता येईल का? सीझन संपला की मी स्वतः आणून सोडतो... नाही जमणार? बरं. मग राहू द्या, साहेब. दुसऱ्या गरजूला द्या."

पैलवानाची बोटं बॅटरीमागे चाचपडत होती. क्लिप हाती लागली. त्यानं ती बसवली, ठिणगी उडाली, आणि तेव्हा कुठे त्यानं टॉर्च थुंकला. "दाब!"

दादानं आधी साहेबांचे आभार मानले, मग रिमोट दाबला. खट् करून डिकी उघडली. उजेड एकदम डोळ्यांवर आला आणि उजेडात दादाचा चेहरा, आनंदानं फुललेला. "शाब्बास रे माझ्या वाघा!" त्यानं पत्रा दाबून धरला. पैलवान सरपटत डिकीतूनच बाहेर आला. शर्टाचा खांदा फाटला होता, खाली रक्ताची बारीक रेघ होती.

"मला सांगितलं का नाहीस?" दादानं विचारलं.

"सांगणार होतो."

"अरे, मी काय नाही म्हणणार होतो? फक्त वेळ चुकीची." त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि फोन पैलवानापुढे धरला. "पाचला सात मिनिटं आहेत. तुला जायचं असेल तर लाव फोन. मी कुठे धरून ठेवलंय?"

पैलवानानं फोन घेतला. पहिल्याच रिंगला साहेबांनी उचलला.

"अहो, आत्ताच तुमचे भाऊ बोलले. पण जागा तुमची आहे, उत्तर तुम्ही द्या. येताय का?"

दादा मागे उभा होता. त्यानं स्वच्छ फडकं ओलं करून आणलं होतं आणि पैलवानाच्या खांद्यावरचं रक्त टिपत होता, हळूच, फुंकर घालत, अकरा वर्षांच्या पोराचा गुडघा पुसावा तसं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. पैलवानानं तोंड उघडलं. येतो, एवढंच म्हणायचं होतं.

"ऐकू येतंय ना?" साहेब म्हणाले.

"हो. दादा म्हणाला तेच."

"तुमची खात्री आहे?"

"हो."

फोन बंद झाला. "झोंबतंय का?" दादानं विचारलं, आणि फडकं पिळायला नळाकडे गेला.

वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती जवळ आली आणि दादाला ऐकू जाणार नाही इतक्या बेतानं म्हणाली, "आत होतात तेव्हा तोंडात टॉर्च होता, भावजी. आता काय होतं?"

त्यानं फाटलेला शर्ट खांद्यावर ओढून घेतला. ती जिन्याकडे वळली.

"चल, पत्रा लावून टाकू," दादाचा आवाज आला. "उजेड आहे तोवर."

रिव्हेट आतून मारायचे होते. पैलवान आत गेला.