परशुराम सरांचे इंगित

परशुराम सरांनी मालवणजवळच्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षे मराठी शिकवले, आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांनी सर्वांत जपलेला शब्द म्हणजे 'इंगित'. मनात असलेले, तोंडाने न सांगितलेले, नजरेच्या वा हाताच्या हालचालीवरून दुसऱ्याने ओळखायचे, ते इंगित. जुन्या काव्यांतली नायिका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरते तेव्हा ती माती उकरत नसते, हे ते दर वर्षी नव्याने समजावत. 'यशाचे इंगित' असले मथळे छापून वर्तमानपत्रांनी या शब्दाची रया घालवली, म्हणून त्यांनी संपादकांना तीन पत्रे धाडली होती. एकाचेही उत्तर आले नाही.

२००४ साली गावच्या वाचनालयाने वर्धापनदिनाला 'इंगित' हाच विषय ठेवला. सरांनी बावीस पानांचे टिपण सिद्ध केले. बोलावणे मात्र गेले वालावलच्या धोंडूला. सातवीला दोनदा बसलेला, दशावतारात लुगडे नेसून राण्या रंगवणारा धोंडू. त्या दिवसापासून सरांच्या पोटात जे जळत होते, त्याला त्यांनी तक्रारअर्जात 'तत्त्वाचा प्रश्न' म्हटले.

वाचनालयाची कार्यवाह किशोरी त्यांचीच विद्यार्थिनी. अर्ज वाचून ती धोंडूला घेऊनच त्यांच्या घरी आली.

"मास्तरानू, शब्दाचो अर्थ माका खंय ठावक?" धोंडू म्हणाला. "तुमी सांगा, मी करून दाखवतंय."

"नाटक्याच्या जोडीला मी बसत नाही," सर म्हणाले. चहाही विचारला नाही.

तरी कार्यक्रमाला ते गेलेच. पहिल्या रांगेत, टिपण मांडीवर घेऊन.

धोंडू रंग न लावता, साध्या सदऱ्यात आला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. एकाने वाक्य सोडायचे, दुसऱ्याने उचलायचे. बाकड्याच्या एका कडेला बसून तो राणी झाला. राजा लढाईला निघालेला. 'जाऊ नका' म्हणणे राणीला शोभत नाही. ती भरलेला तांब्या रिता करते, पुन्हा भरते, पुन्हा रिता करते. असे एकही उदाहरण आपल्या बावीस पानांत नाही, हे सरांना झोंबले.

मग धोंडूने नसलेल्या पदराने बाकड्याची रिकामी बाजू पुसली आणि थेट पहिल्या रांगेत पाहिले. "महाराज, निघताना इतके गप्प का?"

सर समजले. त्या सभागृहात त्यांच्याइतके कोणीच समजले नसेल. उघडपणे देऊ केलेली, त्यांनी झिडकारलेली जागा हा माणूस त्यांचा मान राखून पुन्हा देत होता. उठायचे, शेजारी बसायचे, बोलायचे. टिपणातले सगळे राजाच्या तोंडी सहज गेले असते. पण देणारा धोंडू होता. सरांनी टिपण घट्ट धरले आणि नजर खाली वळवली.

धोंडूने नसलेला पदर सावरला. मग हलकेच म्हणाला, "नका बोलू. कळलं मला."

टाळ्या थांबेनात. सरांच्या गप्प राहण्याच्या टाळ्यासुद्धा त्यालाच मिळाल्या.

सर बाहेर चपला शोधत असताना धोंडू जवळ आला. "मास्तरानू, बाकड्यार जागा ठेवलेली तुमका."

"दिसली होती," सर म्हणाले, आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.